बर्फाला घाम

माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पौळ साहेब अजून धडधाकट आहे, सकाळ-संध्याकाळ पालमच्या रस्त्यानं हात हलवत फिरतो, त्यामुळे ती अडचण मला नाही. तोंडावर मी त्याला शेवटपर्यंत अहो-जाहो केलं, कारण तो आमचा सुपरवायझर आणि मी उपकेंद्रावरची साधी नर्स. मनात मात्र पहिल्या आठवड्यापासून अरे-तुरे. इथे मनातलं लिहायचं आहे, तेव्हा 'तो'च लिहिते.

आधी आमचं काम सांगते, नाहीतर त्याची लायकी नीट कळायची नाही. लहान लेकराच्या न्यूमोनियाला आमच्याकडे डबा म्हणतात. लेकरू धापा टाकतं, बरगड्या आत ओढल्या जातात, पोट भात्यासारखं उडतं. डबा झाला की जुन्या बायका बिब्ब्याचे चटके द्यायच्या, अजूनही एखादी देते. काही वर्षांपूर्वी सरकारनं या न्यूमोनियावरची लस आणली. दीड महिन्याला एक, साडेतीन महिन्याला दुसरी, नऊ महिन्याला तिसरी, उजव्या मांडीत. फुकट. मोठ्या शहरातल्या डॉक्टरकडे जी लस घ्यायची आमच्या बायकांची ऐपत नव्हती, ती आता मंगळवारी गावात, अंगणवाडीच्या ओट्यावर मिळायला लागली.

या लसीचे दोन वैरी. एक ऊन. ते सगळ्यांना कळतं, आमच्या परभणीच्या उन्हात तर न सांगता कळतं. दुसरा वैरी बर्फ. ही लस गोठली की मेली. मेलेली लस दिसायला जिवंतीसारखीच दिसते. वितळली की पुन्हा पातळ होते, सुईत येते, लेकरू बोंब मारतं, कार्डावर तारीख पडते, आई समाधानानं घरी जाते. आत गेलेलं असतं नुसतं पाणी. हे ज्याला कळलं नाही त्याच्या हातात लसीच्या फ्रीजची किल्ली देऊ नये. आमच्या आरोग्य केंद्रात ती पौळच्या कमरेला होती.

आकाशी रंगाचा सफारी. असे दोन होते, दोन्ही हुबेहूब, त्यामुळे हा माणूस कपडे बदलतो की नाही यावर आम्हा नर्सांत दोन पक्ष पडले होते. कॉलरच्या आत घडी घातलेला रुमाल. वरच्या खिशात कंगवा. केस काळेकुट्ट रंगवलेले आणि तोंडी कायम एकच वाक्य, "आमाला शिकवू नका सिस्टर, खात्यात केस पांढरे केलेत." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्याच्या डोक्याकडे पाहिलं आणि मला हसू फुटलं. तेव्हापासून त्यानं माझ्यावर डूख धरला असावा.

बोलताना समोरच्याकडे बघायचं नाही, त्याच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघायचं. कुणी काही विचारलं की आधी रुमालानं मान पुसायची, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याला वाटावं आपण लय मोठी चूक केली. आशाताईंना "अगं ए". गावातल्या बायकांना "अडाणी जनता". सरपंच दिसला की मात्र हाच माणूस खुर्ची सोडून उठायचा आणि चहा सांगायला स्वतः पळायचा.

आणि बर्फ! बर्फाचा विषय निघाला की याच्या अंगात यायचं. त्याच्या वडिलांचा मानवतला बर्फाचा कारखाना होता. कारखाना हा त्याचा शब्द. माझी मावशी मानवतची, ती सांगते की एक पत्र्याची शेड होती, आत एक मशीन होतं, आणि लग्नसराईत सरबतासाठी लाद्या जायच्या, पोत्यात भुसा घालून. असू दे. बापाचा धंदा प्रामाणिक होता, त्याला मी नाव ठेवणार नाही. पण लेकानं बापाकडून एकच वाक्य उचललं आणि जन्मभर तेच मिरवलं. "सिस्टर, बर्फ आमच्या घराण्यात हाय. बाप सांगायचा, बर्फाला घाम आला की बर्फ मेला."

लाद्या विकणाऱ्याचं ते बरोबरच होतं. घाम आला म्हणजे वितळायला लागला, वितळला तो माल गेला. पण लसीचा नियम नेमका उलटा. गावात लस नेतो त्या निळ्या पेटीत बाटल्यांभोवती चार आइसपॅक ठेवतात. ते फ्रीजरमधून काढले की लगेच पेटीत घालायचे नाहीत. बाहेर फरशीवर मांडायचे, त्यांना घाम येऊ द्यायचा, मग एकेक कानाशी धरून हलवायचा. आत पाणी वाजलं की समजायचं, आता हा लसीला मारणार नाही. अर्धा तास लागतो, थंडीत तासही लागतो. एवढीच गोष्ट आहे. शिकलेल्या माणसाला एकदा सांगून कळावी अशी.

पौळला ती एकदा नव्हे, दर वर्षी सांगितली गेली. परभणीहून एक डॉक्टरीणबाई आमचं ट्रेनिंग घ्यायला यायच्या. हा कायम पहिल्या रांगेत. त्यांनी विचारलं, "आइसपॅक फ्रीजरमधून काढल्यावर लगेच पेटीत ठेवायचा का?" याचा हात वर. "लगेच, म्याडम! बर्फ आन् पाव्हणा, दोगालाबी दारात उभं करू न्हाई." सगळा हॉल हसला, बाईंनाही हसू आलं. मग त्यांनी बरोबर उत्तर समजावून सांगितलं, तोवर हा बाहेर चहाचं बघायला गेला होता.

त्याच ट्रेनिंगमध्ये एक मोठा कागद मिळाला होता. एक नर्स आइसपॅक कानाला लावून उभी आहे असं चित्र, आणि खाली ठळक अक्षरात मराठीत सूचना. तो मी स्वतः फ्रीजच्या बाजूला चिकटवला. दोन दिवसांनी बघते तर त्यावर देवीचं कॅलेंडर. मी विचारलं, "साहेब, कागद झाकला?" म्हणाला, "देवी मोठी का तुमचा कागद?" आता यावर काय बोलणार! खंडेनवमीला तर तो त्या फ्रीजला झेंडूचा हार घालायचा, कुंकू लावायचा, नारळ फोडायचा आणि प्रसादाचे पेढे आत लसीशेजारी ठेवायचा. एका वर्षी नवमीलाच डीपी जळाली, तीन दिवस गावात लाईट नाही. चौथ्या दिवशी फ्रीज उघडला तेव्हा पेढ्यांचा वास बाहेर व्हरांड्यापर्यंत आला. भिंतीवरच्या तक्त्यात मात्र तिन्ही दिवसांचं तापमान लिहिलेलं होतं, सकाळी चार अंश, संध्याकाळी चार. पेढे आंबले, पण पौळचा चार काही हलला नाही.

मंगळवारी पेटी घ्यायला केंद्रावर गेल्यावर मी घाम येऊ देण्यासाठी थांबले की तो कावायचा. साडेनऊशिवाय उगवायचा नाही, आणि उगवला की दहा मिनिटांत खोलीला कुलूप लावायची घाई. मी आइसपॅक बाकावर मांडून उभी असले की म्हणायचा, "काय करायलाव सिस्टर? बर्फाचा घाम काढायलाव का माजा?" कानाला लावून हलवलं की, "फोन हाय का त्यो? कुनाचा आलाय? माजा नमस्कार सांगा!" शिपाई हसायचा, मीही ओशाळल्यासारखं हसायचे. शेवटी मी युक्ती काढली. त्यानं कोंबून दिलेली पेटी घ्यायची, निमूट निघायचं, आणि बस स्टँडवर बस येईपर्यंत सिमेंटच्या बाकावर आइसपॅक काढून मांडायचे. लोक बघायचे. एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं, "बाई, कुल्फी हाय का?" पण लस जिवंत पोचायची.

त्याचं एक चांगलं होतं, तेही सांगून टाकते, म्हणजे माझ्यावर आरोप नको. रडतं लेकरू त्याला गप्प करता यायचं. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून तो लेकराच्या तोंडासमोर वाजवायचा आणि जिभेनं टक-टक करायचा. कितीही किंचाळणारं पोर असो, डोळे वटारून बघत राहायचं. हे त्याला येत होतं. बाकी सगळी बोंब.

आता ऑक्टोबरातला तो मंगळवार. मी केंद्रावर पोचले तर दारात जीप उभी, आणि पौळ तिच्यात आधीच बसलेला. वरचे अधिकारी येणार होते म्हणे. "चला, पेटी भरून ठिवलीय. आज तुमाला जीपनं सोडतो, काय याद कराल!" पेटी मागे होती. बस नाही, स्टँड नाही, बाक नाही. मी विचारलं, "साहेब, घाम येऊ दिला होता ना?" तो पुढे ड्रायव्हरशी बोलत होता. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

गावात आमच्या आशाताईंनी, म्हणजे कांताबाईंनी, कापूस वेचायला निघालेल्या बायका घरोघर फिरून अडवून ठेवल्या होत्या. त्यांत मीरा होती. तिचं पहिलं लेकरू दोन वर्षांपूर्वी डब्यानं गेलं होतं, परभणीला नेता नेता, वाटेतच. ही दुसरी, मुलगी, दीड महिन्याची. मीरा शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे रानातल्या खोपटात राहते, गावापासून चांगलं तासाभराचं चालणं. सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. मला म्हणाली, "बाई, ही डब्याचीच सुई हाय न्हवं? पक्की?" मी म्हटलं, "पक्की."

बाटली हातात घेतली तेव्हा तळाला पांढरट साका दिसला. ही लस ठेवली की थोडी तळाला बसतेच, हलवून द्यायची असते. मी हलवली. नेहमीपेक्षा जड वाटलं का, मेलेल्या लसीचा कधी कधी होतो तसा साका दाणेदार होता का, हे मी तेव्हा पाहिलं नाही. ओट्यावर बायकांचा गलका, पोरं रडायलेली, पौळ खुर्चीवर बसून "आवरा, आवरा" करतोय. अकरा लेकरांना दिलं. मीराची चौथी. ती रडली तशी पौळनं किल्ल्या वाजवल्या आणि ती गप्प झाली.

डिसेंबरात मीराच्या मुलीच्या दुसऱ्या डोसाची वेळ आली. या वेळी पौळनं पेटी परस्पर जीपनं पाठवून दिली, मी थेट गावात गेले. झाकण उघडलं. आइसपॅक दगडासारखे कोरडे, घामाचा थेंब नाही. बाटली उचलली, उलटी केली. आतलं हललंच नाही. गोठलेलं, गच्च.

मी त्याला फोन लावला. "साहेब, लस गोठलीय."

"मग काय झालं? मुठीत धरा. वितळतंय."

"वितळून चालत नाही साहेब. ती मेली."

"सिस्टर, बर्फ वितळला की पानीच होतंय न्हवं? त्यात मरायलंय काय! बायका कवाच्या बसल्यात, देऊन टाका. रिपोर्टात बसलं पायजे."

मी नाही म्हटलं. बायकांना सांगितलं, आज न्यूमोनियाची लस नाही, पुढच्या मंगळवारी या. त्या मला काय काय बोलल्या ते इथे लिहीत नाही. वेचणीचा दिवस मोडून आल्या होत्या, त्यांचं चुकलं नाही. मीरा तेवढी जागची उठली नाही.

अर्ध्या तासात पौळ मोटारसायकलवर हजर. आला तो सरळ पेटीकडे. बाटली मुठीत घेतली, वर तोंडाची वाफ सोडली, काखेत धरली, पुन्हा मुठीत घेतली. बायका बघत राहिल्या. मग बाटली उंच धरून हलवून दाखवली, जत्रेतल्या जादूवाल्यासारखी. "बगा! झालं का पानी? तुमच्या सिस्टरला कामाचा कटाळा आलाय. आना, कुनाचं लेकरू हाय, मी देतो."

मीरा पुढे आली. तिनं मुलीची उजवी मांडी उघडी केली.

त्या क्षणाला मी काही विचार केला असं नाही. बाटली त्याच्या हातातून हिसकावली आणि कचऱ्याच्या पिशवीत टाकली. उरलेल्या दोन होत्या त्याही टाकल्या. पौळचा चेहरा सफारीच्या वर लालभडक. "सरकारी मालाची नासाडी! पंचासमोर! लेखी देतो मी हे!" चोराच्या उलट्या बोंबा म्हणजे काय, ते त्या दिवशी मी ओट्यावर उभं राहून ऐकलं. बायका माझ्याकडे बघत होत्या, आणि सगळ्याच काही माझ्या बाजूच्या नव्हत्या.

मग मी तिथेच एक आइसपॅक काढून फरशीवर ठेवला आणि त्यांना म्हटलं, बसा जरा, बघा. त्याला घाम येईपर्यंत आम्ही सगळ्या बसून राहिलो. मग एकेकीच्या कानाशी तो धरून हलवला. "हे पाणी असं वाजलं पाहिजे. वाजलं तर लस जिवंत. पुढच्या वेळी मी लेकराला सुई देण्याआधी तुम्ही मला विचारायचं, वाजतंय का." मीरानं तो दोनदा कानाला लावून बघितला. मग तिनं मला विचारलं, "आन् मागल्या बारीला वाजलं व्हतं का, बाई?"

मी आइसपॅक तिच्या हातातून घेतला आणि पेटीत ठेवला.

पुढच्या मंगळवारी मी स्वतः आणलेली, डोळ्यांदेखत भरलेली लस तिला दिली. पण ती दुसरी. पहिलीचं काय? तेव्हापासून माझी रोजची झोप त्या एका प्रश्नापाशी अडकली. त्या ऑक्टोबरातल्या पेटीत आइसपॅक घाम येऊन गेले की कोरडे गेले, हे जगात एकाच माणसाला माहीत होतं.

नासाडीची नोटीस मला आली. खुलासा करा. मी केला, दोन पानी. आमचे डॉक्टर नवीन होते, शिकून नुकतेच आलेले, माणूस वाईट नाही. त्यांनी मला बसवून सांगितलं, "सिस्टर, पेटी ज्यानं भरली त्यानं एक ओळ लिहून दिली की आइसपॅक तसेच घातले होते, तर त्या दिवशीच्या अकराही लेकरांना तो डोस पुन्हा देता येईल. नुसत्या तुमच्या संशयावर मी कार्डावरचा डोस कसा खोडू?"

एक ओळ. मी पौळकडे गेले. इज्जत गुंडाळून ठेवून गेले, हेही सांगते. म्हटलं, "साहेब, नोटिशीचं जाऊ द्या. माझ्यावर काय यायचं ते येऊ द्या. तुम्ही फक्त एवढं लिहून द्या. अकरा लेकरांचा प्रश्न आहे. मीराचं एक आधीच गेलंय."

त्यानं मान पुसली. भिंतीकडे बघितलं. "सिस्टर, मे म्हैन्यात मी रिटायर व्हायलोय. माज्या फायलीवर एक डाग न्हाई. आता ऐन टायमाला तुमी मला हातानं डाग लावून घ्या म्हणायलाव?"

"मग तोंडी सांगा. माझ्यापुरतं. आला होता का घाम?"

"तक्त्यात लिवलेलं हाय," तो म्हणाला. "चार."

चार! मला त्या वेळी त्या तक्त्यासकट तो माणूस विहिरीत ढकलावासा वाटला. ढकलला नाही. नमस्कार केला आणि बाहेर आले. आमच्यासारख्यांचा राग हा असा, नमस्कार करून बाहेर येणारा.

जानेवारीत थंडी पडली आणि मीराच्या मुलीला डबा झाला. कांताबाईंनी चटके देऊ दिले नाहीत, मध्यरात्रीची वाट बघितली नाही, दुपारीच गाडी बोलावून परभणीला नेलं. नऊ दिवस ऑक्सिजनवर. मी दोनदा जाऊन आले. मीरा कॉटच्या पायथ्याशी बसलेली, हातात लसीचं कार्ड. तिथल्या नर्सनं मागितलं म्हणून दिलं होतं, परत मिळाल्यावर ते तिनं खाली ठेवलंच नाही. लेकराच्या बरगड्या आत जायच्या तशी ती कार्ड मुठीत आवळायची.

मी शास्त्र शिकलेली बाई आहे. चांगली लस घेऊनही न्यूमोनिया होऊ शकतो, तो दुसऱ्याच जंतूचाही असतो, हे मला ठाऊक आहे. मीरानं विचारलं असतं तर मी तिला तेच सांगितलं असतं. पण अशा माणसांचं फावतं ते यामुळेच. त्यांनी मारलेल्या लसीचं प्रेत कुठे सापडत नाही.

मुलगी वाचली. आणि पौळ मासिक बैठकीत उभा राहून काय म्हणाला असेल? "बगा, लस येळेवर दिली म्हणून लेकरू वाचलं. न्हाईतर गेलं असतं, पहिल्यावानी." टाळ्या झाल्या. मी माझ्या मांडीवरचे हात धरून बसले, ते कुणाला तरी मारतील असं वाटलं.

मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्याला निरोप. शाल, श्रीफळ, नवाकोरा सफारी, तोही आकाशी. त्यानं भाषण केलं. बापाचा कारखाना आला, बर्फ आला, घराणं आलं. मग माझ्याकडे न बघता, म्हणजे माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "माज्या हातून एक बी बाटली खराब झाली न्हाई. ज्यानं केली त्याला देव बघंल." किल्ल्यांचा जुडगा त्यानं डॉक्टरांच्या हातात दिला, तेव्हा त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, आपल्यालाही थोडं वाईट वाटेल. वाटलं नाही. संध्याकाळी मी फ्रीजवरचं कॅलेंडर काढून देवीला समोरच्या भिंतीवर चांगली जागा दिली.

सुंठीवाचून खोकला गेला, असं मी घरी सांगितलंही. पण तो मला अजून एकदा दिसायचा होता.

जूनमधला मंगळवार. ओट्यावर बायका बसलेल्या. मीरा पहिली, नेहमीसारखी, मुलगी आता नऊ महिन्यांची, अंगानं बारीक पण डोळे टपोरे. तिसऱ्या डोसाला आणली होती. तेवढ्यात रिक्षा थांबली आणि पौळ उतरला. मागून त्याची लेक, पुण्याहून बाळंतपणाला आलेली, कुशीत दीड महिन्याचं बाळ, डोक्याला टोपडं.

मला कळेना. याचं घर पालमात. तिथे दवाखाना आहे. तिथून माझ्या गावापर्यंत वाटेत तीन गावं लागतात, तिन्ही ठिकाणी मंगळवार असतो, तिन्ही ठिकाणच्या नर्सांना यानंच बर्फ शिकवलेला. ती तिन्ही गावं टाकून हा माझ्या ओट्यावर आला होता.

"नमस्कार सिस्टर," तो म्हणाला. "नातू हाय. म्हणलं तुमच्याकडंच बरं."

लेक म्हणाली, "पप्पा रिक्षात सारखं सांगत होते, त्या बाई लय कडक आहेत, तिथंच घेऊ."

मी बसा म्हटलं. तो बसला नाही. सरळ निळ्या पेटीपाशी गेला, मला न विचारता झाकण उघडलं, एक आइसपॅक बाहेर काढला. अंगठ्यानं त्याच्यावरचा घाम पुसून बघितला. मग तो उजव्या कानाला लावला, डोळे मिटले आणि हळूच हलवला. अगदी त्या कागदावरच्या चित्रातल्यासारखा. माझ्यापेक्षा सफाईनं.

म्हणजे त्याला येत होतं. कागद त्यानं वाचूनच झाकला होता.

"वाजतंय," तो लेकीला म्हणाला. त्याचा चेहरा खरोखर उजळला होता. "आता घे. आता काय भेव न्हाई."

कानावरून पाण्याचा ओघळ त्याच्या कॉलरीत गेला. माझ्या हातात भरलेली सुई होती, आणि मी आयुष्यात कुणाचा इतका तिरस्कार केला नसेल. त्याच्या नातवाचा नाही, त्या बाळानं माझं काय केलं होतं! त्याला मी जपूनच टोचणार होते, आणि टोचलंही.

पण त्याआधी मीरा उठली. मुलीला कडेवर घेऊन ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब," ती म्हणाली, "कार्तिकात आमच्या बारीला वाजलं व्हतं का?"

त्या दिवशी आइसपॅक कानाला लावून पाहिलेल्या बायका होत्या तिथे, चार-पाच. पौळनं मान पुसायला रुमाल काढला आणि बघायला वर भिंत शोधायला लागला. अंगणवाडीच्या ओट्याला भिंत नाही, समोर नुसतं कापसाचं पेरलेलं रान आहे. मग त्यानं माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी सांगून सोडवीन म्हणून.

"मला माहीत नाही, मीरा," मी म्हणाले. "पेटी साहेबांनी भरली होती."

कुशीतला नातू रडायला लागला. पौळचा हात सवयीनं कमरेला गेला, तिथे चाचपडला आणि तसाच खाली आला. तो लेकीकडे वळून टोपड्याची नाडी बांधायला लागला. ती बांधलेलीच होती.

मीरा हलली नाही.

"साहेब," ती म्हणाली, "मी तुमालाच इचारायले."